तुम्ही विचारलंत म्हणून: इंदुरात बसून कर्लिंगचं गणित?

इंदुरात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. आणि कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत आखलेल्या वर्तुळांच्या मध्याशी नेण्याचा खेळ. त्यामुळे "ताई, कर्लिंगच कसं काय?" हा प्रश्न रामबागेत मला अधूनमधून झेलावा लागतोच.

२०२२च्या हिवाळी ऑलिंपिकचे सामने फोनवर बघताना सुरुवात झाली. शेवटचा दगड हातात, एक गुण समोर दिसतोय, आणि खेळाडू मुद्दाम दगड वर्तुळांच्या पलीकडे घालवतात! शेजारचे काका (बँकेतून निवृत्त, कॅरमचे दर्दी) म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारी माणसं ही."

मग कॅरम बोर्डाच्या मधल्या वर्तुळावर सोंगट्या मांडून त्यांना समजावलं. एका डावात, म्हणजे एंडमध्ये, दोन्ही संघांचे ८-८ दगड. दगड जवळजवळ २० किलोचा. मध्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, गुण त्यालाच. शेवटचा दगड टाकण्याच्या हक्काला हॅमर म्हणतात. गोम अशी, की गुण घेतला की पुढच्या एंडला हॅमर समोरच्याकडे जातो. कोणालाच गुण नाही, तर तो तुमच्याकडेच राहतो.

माझ्या वहीत तीनच गोष्टी असतात: गुणांचा फरक, उरलेले एंड, हॅमर कोणाकडे. सामन्याच्या शेवटापासून उलटं मागे येत तक्ता भरायचा. आकडे सोयीसाठी मीच धरले: हॅमरवाल्याला २ किंवा जास्त गुण ३५ टक्के, १ गुण ४० टक्के, आणि उरलेल्या २५ टक्के वेळा गुण समोरचाच पळवतो.

नववा एंड, बरोबरी, हॅमर आपला. गुण सोडला तर शेवटच्या, दहाव्या एंडला बरोबरी आणि हॅमर हातात: जिंकायची शक्यता ७५. गुण घेतला तर एकने पुढे, पण हॅमर त्यांचा. त्यांनी २ काढले की आपण गेलो. १ काढला तर जादा एंड, त्यात हॅमर आपला, म्हणजे ४० चे ७५ टक्के, ३०. त्यात आपण गुण पळवण्याचे २५ मिळवले की ५५.

काकांनी चष्मा वर केला. "आणि सोडताना हुकलं, गुण त्यांनाच गेला तर?"

तेही सोपं होतं. बाजू उलटल्या, १०० वजा ५५, उरले ४५. (हे त्यांनीच तोंडी काढलं, कॅशियरची सवय.) मग मी समीकरण मांडलं: हुकण्याची भीती धरूनही सोडणं तीनातून एकदा साधलं, तरी घेतलेल्या गुणाशी बरोबरी. त्याहून जास्त वेळा साधलं की सोडणंच फायद्याचं. बर्फ कसा आहे, हात थरथरतोय का, हे वहीला कळत नाही, ते वेगळं.

काकांनी आकडे दोनदा तपासले. स्ट्रायकर पावडरीत घोळवला, समोरची सोपी सोंगटी घेतली आणि म्हणाले, "पण उरलेल्या दोनदा गल्लीतली पोरं हसतील त्याचं काय?"