चार आकडे

परवाची गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढते.

मी रेडिओ, मिक्सर असल्या वस्तूंच्या रिपेअरिंगच्या दुकानात बिलिंग काउंटरला आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यापासून आमच्याकडे कॅश बंद, फक्त कार्ड. दारावर स्टिकर लागला, गल्ल्याचा ड्रॉवर रिकामा करून कुलूप घातलं आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून कॅशचं बटणच काढून टाकलं. हे बटणाचं बाहेरच्यांना माहीत नसतं, त्यांना वाटतं काउंटरवरची बाई मुद्दाम अडून बसलीये. बटण नाही म्हणजे बिल पेड दाखवता येत नाही, बिल पेड नाही तर डिलिव्हरी स्लिप निघत नाही आणि स्लिपशिवाय आतला माणूस वस्तू हातात देत नाही.

कॅश का बंद केली ते मला कळतं, मी काही डोळे मिटून विरोध करणारी नाही. रात्रीचं क्लोजिंग ज्याने केलंय त्यालाच ते कळेल. सगळ्या नोटा एका तोंडाने लावायच्या, फाटक्या आणि चिकटपट्टीवाल्या बाजूला, गड्डी आधी हाताने मोजायची मग मशीनवर, उद्या सकाळसाठी सुट्टे काढून ठेवायचे, मग उरलेलं बिलांच्या टोटलशी जुळवायचं, आणि जुळलं नाही तर पहिल्यापासून परत. शिवाय ती पिशवी घेऊन अंधारात बाहेर पडायची भीती वेगळीच. पण त्या कामात मी चांगली होते हेही सांगते. खोटी नोट मला लाइटखाली धरायच्या आधी बोटांनाच कळायची, कारण खऱ्या नोटेचा कागद कडक असतो आणि काही ठिकाणची छपाई बोटाला उठून लागते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, हात शिकले.

तर परवा दुपारी एक काका आले, हातात पांढरी काठी. त्यांनी रेडिओ दुरुस्तीला टाकला तेव्हा कॅश चालू होती, मधल्या काळात बंद झाली. रेडिओ तयार असल्याचा मेसेज त्यांना गेला होता, त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो, पण त्या मेसेजमध्ये आता फक्त कार्ड चालेल असं एक अक्षर नव्हतं.

मी बिलाची रक्कम सांगितली, त्यांनी पाकीट काढलं आणि मी बघतच राहिले. प्रत्येक किमतीच्या नोटेची घडी वेगळी होती. एक सरळ ठेवलेली, एक मधोमध दुमडलेली, एक लांबीत दुमडलेली. त्यांनी बोटं फिरवून बरोब्बर रक्कम काढून माझ्यापुढे ठेवली, माझ्याकडच्या डोळस गिऱ्हाईकांना लागतो त्यापेक्षा कमी वेळात. इतकी वर्षं मी हाताने नोटा ओळखण्याचा अभिमान बाळगला आणि समोर माझ्यापेक्षा सरस माणूस उभा होता.

मी म्हटलं, काका, आता कॅश घेत नाही, फक्त कार्ड.

ते म्हणाले, कधीपासून?

आणि मी म्हटलं, महिना झाला, दारावर लिहिलंय. तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. ते काही बोलले नाहीत, नोटा परत त्याच घड्यांनी आत ठेवल्या आणि कार्ड काढलं.

रक्कम काही फार नव्हती, नुसतं टॅप करून, म्हणजे पिन न टाकता कार्ड मशीनला टेकवून व्हायला हवं होतं. पण टॅपचा एक नियम असतो, सलग काही वेळा पिनशिवाय कार्ड वापरलं की मधेच एकदा पिन मागतात, चोरलेलं कार्ड कोणी वापरत राहू नये म्हणून. युरोपात तर सलग ५ टॅप किंवा एकूण रकमेची मर्यादा, असा नियमच आहे. त्यांचा नंबर नेमका आमच्याकडे लागला, मशीनने पिन मागितला.

आमच्या जुन्या मशीनला बटणं होती आणि मधल्या ५ वर छोटा उंचवटा, ज्याला दिसत नाही तो त्या उंचवट्यावरून बाकीचे आकडे शोधतो. कॅश बंद झाली तेव्हा ते मशीन जाऊन नवीन आलं, सपाट काच, एकही बटण नाही. काका काचेवर तो उंचवटा शोधत होते. दोनदा टाकला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर बहुधा कार्डच ब्लॉक झालं असतं, म्हणून मी घाईने मशीन बाजूला घेतलं. काही टचस्क्रीन मशीनमध्ये अंध लोकांसाठी वेगळी सोय असते हे मला त्या रात्री वाचल्यावर कळलं. आमच्यात आहे की नाही कोण जाणे, ट्रेनिंगला आलेल्या मुलाने रोल कसा बदलायचा तेवढं दाखवलं आणि गेला.

मागे रांग वाढली होती. सुपरवायझर आतून म्हणाले, अगं त्यांना विचारून तूच टाक ना. रांगेतला एकजण म्हणाला, सांगून टाका काका, कोण ऐकतंय इथे. सगळे ऐकत होते, ऐकू नये म्हणून कोणी दोन पावलं मागेसुद्धा सरकलं नाही, याचा मला अजून राग येतो.

काकांनी मान खाली घालून चार आकडे सांगितले. मी टाकले. पेमेंट झालं, स्लिप निघाली, रेडिओ आला, त्यांनी तिथेच लावून बघितला, आवाज नीट होता.

जाताना मी त्यांना हळूच म्हटलं, काका, पिन आजच बदलून घ्या. ते म्हणाले, बदलीन ताई, आमच्या एटीएमला हेडफोन लावता येतो, एकट्याला जमतं. पण पुढच्या दुकानात असंच मशीन असलं तर नवीन पिनसुद्धा असाच सांगावा लागेल ना. रागाने नाही म्हणाले, खरंच विचारत होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानाने कॅश नाकारण्याबद्दल त्या रात्री मी बरंच वाचलं. फिलाडेल्फियाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२० मध्ये दुकानांना कॅश नाकारायला बंदी घातली, नॉर्वेने २०२४ मध्ये कॅशने पैसे देण्याचा हक्क आणखी पक्का केला. अमेरिकेतल्या त्या शहरांमधली चर्चा वाचली तर मुख्य मुद्दा असा की ज्यांचं बँकेत खातं नाही, कार्ड नाही, त्यांचं काय. पण काकांकडे खातं होतं, कार्ड होतं, स्मार्टफोन होता, खात्यात पैसेही होते. तरी अडले. ऑस्ट्रेलियात याच सपाट काचेवरून अंध लोकांनी एका मोठ्या बँकेला कोर्टात नेलं होतं आणि २०१९ मध्ये तडजोड झाली, म्हणजे अडचण कोणाला माहीत नव्हती असं नाही, माहीत असूनही आमच्याकडे तसंच मशीन आलं.

अजून एक गोष्ट वाचली ती जास्त टोचली. बऱ्याच देशांत विक्रीच्या आधी दुकानदार कॅश नको म्हणू शकतो, पण काम आधी झालेलं असेल आणि पैसे नंतर द्यायचे असतील तर ते उधारीसारखं देणं ठरतं आणि तिथे कॅश नाकारता येईलच असं नाही. आमचं रिपेअरिंग म्हणजे नेमकं तेच. आम्ही काम केलं, त्यांनी पूर्ण पैसे माझ्यापुढे ठेवले आणि मी ते परत उचलायला लावले.

मी माझं कार्ड टॅप करून त्यांच्या नोटा घेऊ शकले असते. सुचलं होतं मला. पण स्टाफने स्वतःचं कार्ड गिऱ्हाईकाच्या बिलाला लावलं की हिशेबात ते घोटाळ्यासारखं दिसतं, आणि मागे एका मुलाला त्याच कारणावरून काढलंय. तेवढ्यासाठी मी गप्प बसले आणि एका माणसाला सगळ्यांसमोर त्याचा पिन बोलायला लावला.

काल मी ऑफिसला मेल केला, कॅशचं बटण परत द्या, नाहीतर निदान बटणांचं मशीन द्या आणि रेडीच्या मेसेजमध्ये एक ओळ वाढवा. उत्तर आलं नाही. आज सकाळी सुपरवायझरना तोंडावर सांगितलं की परत असं कोणी आलं तर मी माझं कार्ड लावणार आणि नोटा घेणार, वाटल्यास तुम्ही समोर उभे राहून रजिस्टरमध्ये लिहून घ्या. ते हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण. ते चार आकडे मला अजून पाठ आहेत.