विराट: हॅरिअरनं तारलं, हॅरिअरनंच अडवलं

जुनी विमानवाहू नौका घ्यायची ठरली की चर्चा रंगते ती विमानांची, रडारची आणि किमतीची. आधी बघायला हवं ते तळाशी, बॉयलररूममध्ये. रडार उतरवून नवं चढवता येतं. बॉयलर बदलायचा म्हणजे त्याच्या डोक्यावरची डेकं कापायची, पाइप आणि केबल उपसायच्या. खर्चाचा आकडा कुठे थांबेल ते मग कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे वाफेवरच्या जुन्या नौकेचं उरलेलं आयुष्य बहुतेक वेळा बॉयलरच ठरवतात. भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस विराट’ या विमानवाहू नौकेला मात्र या हिशेबात मोठी सवलत मिळाली, आणि पुढे त्याच सवलतीची किंमतही मोजावी लागली.

तिची बांधणी इंग्लंडमध्ये बॅरो-इन-फर्नेसला जून १९४४ मध्ये सुरू झाली. युद्ध संपल्यावर काम रेंगाळलं आणि ‘एचएमएस हर्मीस’ म्हणून ती रॉयल नेव्हीत आली थेट १९५९ मध्ये. तेव्हा तिच्यावर विमानांना वाफेच्या जोरावर डेकवरून भिरकावणारे दोन स्टीम कॅटापल्ट होते. १९७१ ते ७३ दरम्यान तिला कमांडो वाहून नेणारी नौका बनवताना ते काढून टाकले, विमान अडवणाऱ्या तारांची यंत्रणाही काढली. १९८० च्या सुमारास पुढच्या टोकाला १२ अंशांची स्की जंप, म्हणजे वर चढत जाणारा रॅम्प, बसली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. १९८६ मध्ये भारताशी सौदा झाला, डेव्हनपोर्टला डागडुजी झाली आणि १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ झाली.

कॅटापल्ट आधीच गेलेले होते, ही आपल्या पथ्यावर पडलेली गोष्ट. ज्या बॉयलरांवर नौका ढकलणारे पंखे (प्रोपेलर) फिरतात त्यांच्यातूनच कॅटापल्टची वाफ निघते. विमान सोडताना नौकेला वाऱ्याच्या दिशेनं जोरात पळायचंही असतं. म्हणजे वाफेच्या दोन्ही मागण्या नेमक्या एकाच वेळी. बॉयलर थकलेले असतील तर दोन्हीकडे ओढाताण.

भारताच्या आधीच्या विमानवाहू नौकेनं, ‘विक्रांत’नं, हे भोगलं. १९७० मध्ये तिच्या बॉयलरांच्या वॉटर ड्रममध्ये, म्हणजे पाण्याच्या पिंपांत, तडे सापडले. वेल्डिंगनं भागण्यासारखं नव्हतं आणि तसे ड्रम देशात मिळत नव्हते, म्हणून चार नवे ब्रिटनकडून मागवले. पण युद्ध तोंडावर आलेलं. शेवटी जुन्याच ड्रमांवर, दर चौरस इंचाला ४०० पौंडांच्या पुढे दाब न नेता आणि पंख्यांच्या शाफ्टचे फेरे मिनिटाला पुढे जाताना १२०, मागे येताना ८० एवढेच ठेवून तिला समुद्रात काढलं. साडेचोवीस नॉटची (ताशी सागरी मैल) नौका १४ नॉटवर आली. समुद्रावर वारा पडलेला असेल तर डेकवर वारा तेवढाच, १४ नॉट. बाकीचं सगळं कॅटापल्टनं भरून काढायचं. त्या अवस्थेत ४ डिसेंबर १९७१ ला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. पुढे विक्रांतचाही कॅटापल्ट काढून स्की जंप बसवली गेली, यात नवल काहीच नाही.

विराटवरच्या सी हॅरिअर या लढाऊ विमानाला कॅटापल्ट लागत नाही. इंजिन पूर्ण जोरात, झोताची वळवता येणारी तोंडं, म्हणजे नोझल, मागे करून ते डेकवर धावतं. रॅम्पच्या टोकाशी पोचता पोचता वैमानिक लीव्हर ओढून चारही नोझल आधीच ठरवलेल्या कोनात खाली वळवतो. डेक सुटतो तेव्हा नुसत्या पंखांवर तरंगण्याइतका वेग विमानाला नसतोच. भिरकावलेल्या दगडासारखं ते वर जात असतं आणि त्या काही सेकंदांत वेग पकडतं. इंजिननं दगा दिलाच, तरी विमान वर चढत असल्यानं इजेक्ट करायला वैमानिकाला थोडा जास्त वेळ मिळतो. उतरताना नौकेच्या डाव्या अंगाला, तिच्याच वेगानं समांतर येऊन स्थिर व्हायचं, आडवं सरकून डेकवर यायचं आणि खाली बसायचं.

अडचण आपल्या हवेची. उत्तर अटलांटिकसाठी आखलेलं हे गणित अरबी समुद्रातल्या उन्हाळ्यात बिघडतं. गरम हवा विरळ, त्यामुळे इंजिनचा जोर घटतो. उतरण्याच्या वेळी तर विमानाचं सगळं वजन इंजिनवरच असतं. त्यावर उपाय म्हणून इंजिनात पाणी फवारतात, पण टाकीत पाणी सव्वादोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे पुरतं दीडेक मिनिट. तेवढ्यात बसायला जमलं नाही तर इंधन ओतून वजन कमी करायचं. न वापरलेली शस्त्रं परत आणायची की समुद्रात सोडायची, हा निर्णयही तापमान बघूनच होतो.

वाफेची कटकट कॅटापल्ट गेला म्हणून संपत नाही, फक्त कमी होते. विराटवर चार बॉयलर, दोन टर्बाइन, ७६,००० अश्वशक्ती आणि २८ नॉटचा वेग. अशा बॉयलरचा पहिला शत्रू म्हणजे मीठ. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी गळली की समुद्राचं पाणी बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात (फीडवॉटर) मिसळतं. मग नळ्यांत थर साचतो, तिथला धातू तापतो आणि नळी फुटते. म्हणून पहाऱ्यावरचे लोक सिल्व्हर नायट्रेट टाकून पाण्यातला क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, सतत तपासत असतात. नळी फुटलीच तर बॉयलर विझवायचा, निवू द्यायचा, माणसानं ड्रममध्ये शिरून तिच्या दोन्ही टोकांना बुच मारायचं आणि पुन्हा पेटवायचा. बुचं वाढत गेली की वाफ कमी होत जाते. शिवाय घाईनं तापवलं तर भट्टीच्या विटा तडकतात, म्हणून थंड बॉयलर वर आणायला कित्येक तास द्यावे लागतात. धुराकडेही डोळा हवाच: काळा धूर म्हणजे हवा कमी, पांढरा म्हणजे जास्त. बाकी संकटं सांगून येत नाहीत. सप्टेंबर १९९३ मध्ये इंजिनरूममध्ये पाणी शिरलं आणि विराट कित्येक महिने बंद पडली.

गोदीचाही प्रश्न होताच. तळाच्या कामाला तिला कोचीला न्यावं लागे आणि बाकीची दुरुस्ती मुंबईत. २०१२-१३ चं शेवटचं मोठं रिफिट असंच दोन ठिकाणी झालं. मुंबईच्या नौदल गोदीत विमानवाहू नौका मावेल असा ड्राय डॉक (पाणी उपसून कोरडी करता येणारी गोदी) सुरू झाला सप्टेंबर २०१९ मध्ये, विराट निवृत्त होऊन अडीच वर्षं झाल्यावर. आपल्याकडचं नियोजन!

नवे बॉयलर घेतले की प्रश्न मिटतो असंही नाही. रशियाकडून घेतलेल्या ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर रशियात आठही नवे बसवले. उष्णतारोधक म्हणून आपल्याला ॲस्बेस्टॉस नको होतं, तिथे विटा वापरल्या. २०१२ च्या चाचण्यांत पूर्ण वेग घेताना आठपैकी सात बॉयलर बिघडले आणि नौका वर्षभर लांबली.

विराटचं शेवटी अडलं ते विमानांपाशी. कॅटापल्ट नाही, अडवणाऱ्या तारा नाहीत, म्हणजे लढाऊ विमान हॅरिअर सोडून दुसरं चालणारच नाही. त्यांचं उत्पादन थांबलेलं, ब्रिटननं आपली सी हॅरिअर २००६ मध्येच निवृत्त केलेली, आणि आपली निम्म्याहून जास्त अपघातांत गेलेली. उरलेल्यांना इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रं देऊन काही वर्षं रेटली. ११ मे २०१६ रोजी गोव्यात दाभोळीच्या ‘हंसा’ तळावर शेवटच्या सी हॅरिअरना निरोप दिला गेला. बॉयलर तेव्हाही चालू होते: जुलै २०१६ मध्ये विराट मुंबईहून कोचीला स्वतःच्या वाफेवर गेली. तिथे यंत्रं बंद करून ऑक्टोबरमध्ये तिला ओढत परत आणलं आणि ६ मार्च २०१७ ला ती निवृत्त झाली.

२०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ विराटच्या ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मंजुरी दिली, पण काम उभं राहिलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये टगनं (ओढनौकेनं) तिला गुजरातमध्ये अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्याला ओढून नेलं. तोडायला येणारी जहाजं तिथे भरतीच्या वेळी स्वतःच्या इंजिनांवर वेगानं वाळूत घुसतात. विराटची इंजिनं बंद होती, म्हणून किनाऱ्याला लावण्याचं कामही टगांनाच करावं लागलं.