तीनदा तेरा

मिशनच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेला स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचतात. एकूण स्तोत्रं १५०. क्रमांक फळ्यावर लिहीत नाहीत, तोंडी सांगतात. त्या सकाळी बाईंनी "स्तोत्र सत्तेचाळीस" सांगितलं. ते टाळ्या वाजवायला लावणारं स्तोत्र, त्यामुळे पोरांचं आवडतं. वाचायची पाळी तिसरीतल्या एका मुलीची होती. तिने पवित्र शास्त्र उघडलं आणि खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता, चौऱ्याहत्तरावं वाचायला घेतलं. ते मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा विलाप आहे. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले, मागच्या रांगेत खसखस पिकली आणि बाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष होतं. इतकं होतं की कानावर जे ज्या क्रमाने आलं ते तिने त्याच क्रमाने शोधलं. आधी सात, मग चाळीस.

शाळा नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात. पश्चिम खानदेशात स्वीडिश अलायन्स मिशनने काम केलं, त्यामुळे या पट्ट्यात चर्च आणि त्याला लागून शाळा हे चित्र नवं नाही. दोन खोल्या, चार इयत्ता, मावची ही आदिवासी बोली बोलणारी मुलं. बाजारात अहिराणी, वर्गात मराठी, आणि सीमेपलीकडे गुजराती. नवापूर स्टेशनाचा फलाटच अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. मानधन न घेता शिकवायला येणाऱ्यांची इथे वानवा नाही, पण बहुतेकांना इंग्रजी गाणी शिकवायची असतात. दोन आठवडे कृतिगीतं, शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो. संख्यावाचनाकडे कोणी बघत नाही, कारण त्याचा व्हिडिओ होत नाही.

मधल्या सुट्टीनंतर तिला दहा संख्या सांगून लिहायला दिल्या. अशा श्रुतलेखनात संख्या निवडण्यालाच महत्त्व आहे. नेहमीच्या चाचणीत ३०, ५५, १२, ४० असे आकडे येतात. गोल दशक असलं की उलटायला दुसरा अंक नसतो, ५५ उलटला तरी ५५च राहतो आणि ११ ते १९ पोरांना पाठ असतात. अशा पेपरात मूल निम्मे गुण मिळवून पुढे सरकतं आणि दोष झाकला जातो. म्हणून तीनच सोप्या ठेवल्या, बाकी सगळ्या अडचणीच्या: १३, ३१, २९, ४७, ७४, ५२, ४४, ६०, ३८, ८३. पाटीवर प्रत्येक संख्येसाठी दोन चौकटी आखून दिल्या. चौकट नसेल तर मुलाला कुठला अंक आला नाही हे कळत नाही.

तेराला तिने १३ लिहिलं. एकतीसला १३. एकोणतीसलाही १३. सत्तेचाळीसला ७४, त्र्याऐंशीला ३८. चव्वेचाळीस आणि साठ बरोबर. बावन्नला पहिल्या चौकटीत २ आणि दुसरी रिकामी. चौऱ्याहत्तरला ४ आणि पुढे काही नाही. अडतीसला पहिली चौकट रिकामी, दुसरीत ३.

दहापैकी तीन. बाईंच्या वहीत याचा अर्थ 'कच्ची' एवढाच. पण पाटी नीट पाहिली तर तिथे एकसुद्धा चूक अंदाधुंद नाही. तिचा एकच नियम आहे, आधी ऐकलं ते आधी लिहायचं, आणि तो तिने शेवटपर्यंत सोडलेला नाही. 'एक' आणि 'तीस' ऐकू आलं, १ आणि ३ लिहिलं. एकोणतीसमध्येही तिला एक आणि तीसच ऐकू येतात. मधलं 'ओण' म्हणजे कमी, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. बावन्नमधलं 'बा' ओळखलं, 'वन्न' नाही. आणि का ओळखावं? पन्नासचं बावन्नमध्ये वन्न होतं, त्रेपन्नमध्ये पन्न, सत्तरचं हत्तर, साठचं सष्ट. अडतीसमधल्या 'अड'चा आठशी काय संबंध, हे मोठ्यांनाही विचारून पाहा. दोनची तऱ्हा तर आणखी न्यारी: बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. मराठीत नव्व्याण्णवपर्यंतचे शब्द जवळजवळ सुटे सुटे पाठ करावे लागतात. ज्याच्या घरात मराठी आहे त्याचे ते शाळेआधीच कानावरून जाऊन बसलेले असतात. मावची घरातल्या मुलीला ते पहिल्यांदा भेटतात तेच फळ्यासमोर.

मग चिंचोके आणले. ४७ मोजून ओंजळीत दिले आणि किती ते विचारलं. तिने जमिनीवर पटापट वीस-वीसचे दोन ढीग घातले, उरलेले बाजूला सारले आणि म्हणाली, "दोन इसा नि सात." घरात आजी अशीच मोजते, कोंबड्या असोत की मक्याची कणसं. मोजणीत एका चिंचोक्याचीही चूक नाही. "लिही" म्हटल्यावर तिने त्याच नियमाने लिहिलं: २७.

इथे ती थांबली. पाटीकडे पाहिलं, ढिगांकडे पाहिलं आणि २७ स्वतःच पुसलं. वीस आणि सात कसे दिसतात हे तिला माहीत होतं. समोरचा पसारा तेवढाच नव्हता. त्यानंतर तेवढ्याच कामट्या दिल्या, दहादहाच्या मोळ्या बांधायला लावल्या. "चार मोळ्या, सात सुट्ट्या," ती म्हणाली आणि ४७ लिहिलं.

वस्तू तेवढ्याच. शाळेच्या भाषेत सांगितल्या तर ७४, आजीच्या मोजणीने २७, मोळ्यांनी ४७. तिच्याकडे मोजण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही कागदावरच्या आकड्याशी जुळत नाहीत. ही गोष्ट अजून पचलेली नाही. गणित कच्चं म्हणून जी मुलं चौथीनंतर गळतात, त्यांतली किती जण असं निष्ठेने ऐकत होती, याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नाही.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. विधानसभेत मुख्यमंत्री फडणवीसांच्या आडनावावरून विनोद झाले, मराठी बुडाल्याच्या वार्ता आल्या. गणित समितीच्या मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांचा अडथळा कमी होतो, बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाशी जुळतो आणि दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतोच. पुस्तकात जुने शब्दही होते, हे ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलं असावं. ज्यांच्या मुलांना अडचण नव्हती त्यांनीच चर्चा गाजवली. नवापूरच्या आजीला कोणी विचारलं नाही.

आता कामाचं. संख्याकार्डं विकत आणायची गरज नाही. लग्नसराई संपली की जाड पत्रिकांचा गठ्ठा कुठल्याही घरी मिळतो, मागची बाजू कोरी असते. एककाचं कार्ड ५ सेंटिमीटर रुंद, दशकाचं १०, शतकाचं १५. उंची सगळ्यांची ७. एकक १ ते ९, दशक १० ते ९०, शतक १०० ते ९००, अशी एकूण २७ कार्डं. ४० च्या कार्डावर ७ चं कार्ड उजव्या कडेला जुळवून ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ४७ दिसतो. उचललं की चाळीस पुन्हा उघडा. मुलं हमखास डाव्या कडेला जुळवतात, मग ७ खाली ४ लपतो आणि ७० तयार होतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कार्डाचा उजवा खालचा कोपरा तिरपा कापायचा आणि कापलेल्यावर कापलेला ठेवायचा.

कामट्या बोटाएवढ्या लांब, कडा घासून घेतलेल्या. बुरूडकाम करणाऱ्याकडे तुकडे फुकट मिळतात. मोळीला रबरबँड लावू नये. खानदेशातल्या मे महिन्यात रबर विरघळून कामट्यांना चिकटतं आणि जूनमध्ये सगळं फेकावं लागतं. सुती दोरा, एकच सरकगाठ, कारण वजाबाकीत मोळी सोडावी लागते आणि निरगाठ सोडवण्यात तास जातो. दशक सोडल्यावर सुट्ट्या जास्तीत जास्त १८ होतात, त्यामुळे गटाला नऊ मोळ्या आणि नऊ सुट्ट्या पुरतात.

शिकवायचा क्रम असा. पहिले काही दिवस लिहायचंच नाही. शिक्षकाने "सत्तेचाळीस" म्हणायचं, मुलाने फक्त दशकाचं कार्ड उचलायचं, म्हणजे शब्दाचं शेपूट ऐकायची सवय लागते. वन्न, सष्ट, हत्तर ही शेपटं इथेच, दशकाच्या कार्डाच्या मागे लिहून. ते पक्कं झालं की एककाचं कार्ड वर ठेवायचं आणि दोन्ही रीतींनी मोठ्याने म्हणायचं: "चाळीस सात, सत्तेचाळीस." मग पाटी, पण शब्द पूर्ण होईपर्यंत खडू हवेत.

बरेच शिक्षक सोपी युक्ती सांगतात: एकक आधी ऐकू येतो ना, मग उजवी चौकट आधी भर, नंतर डावी. दोन अंकांपर्यंत ती चालते. एकशे सत्तेचाळीसला मूल १ लिहितं, एक जागा सोडून ७, मग मागे येऊन ४. घाईत जागा सुटत नाही आणि १७४ होतं. मोबाईलवर तर जागा सोडताच येत नाही. आपल्याकडे नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगायची पद्धत आहे, "अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस". शाळेच्या दाखलपुस्तकात ऊसतोडीला गेलेल्या पालकांचे जे नंबर लागत नाहीत, त्यांतल्या काहींत एखादी जोडी उलटी आहे. लिहून घेणारे सुशिक्षित आहेत.

एकोणचे शब्द शेवटी. १९ पाठ असतो. २९ ते ८९ हे सात उरतात, आणि ९९ ला एकोण नाहीच, हे वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दुसरं साधन नाही. महिन्याच्या शेवटी एकोणतीस, तीस, एकतीस सलग येतात. बोट तिसावर ठेवायचं, एक घर मागे, एक घर पुढे. तिच्या तीन तेरांपैकी दोन तिथेच सुटले. आधी एकतीस, आणि मग बऱ्याच दिवसांनी एकोणतीस.

'चाळीस सात' म्हटलं की आता ती चुकत नाही. नुसतं 'सत्तेचाळीस' म्हटलं की ओठ हलतात, मनात काहीतरी फिरवते, मग लिहिते; दहात एखाददुसरा अजून उलटतो. बाईंना हा मधला थांबा मान्य नाही. त्यांचं म्हणणं, सत्र परीक्षेत तोंडी संख्या जुन्या शब्दांनीच सांगणार, आणि एस.टी.चा कंडक्टर काही "चाळीस सात द्या" म्हणणार नाही. मग हा वळसा कशाला? रोज शंभर अंक उतरवून काढू दे, आपोआप बसतील.

बाईंचं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याबद्दल वाद चालू आहे: अंक उतरवताना मूल डोळ्याने बघून लिहितं, आणि डोळ्याने बघून लिहिण्यात ही मुलगी कधीच चुकली नव्हती. दिवाळीनंतर निम्मी मुलं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातील, त्यात तीही असेल. तोवर दुसरीच्या वर्गालाही हेच दहा आकडे चौकटी आखून द्यायचे ठरलं आहे. पाट्या बाईंनी तपासायच्या, पण बरोबर-चूक अशी खूण करायची नाही. मुलाने लिहिलेला आकडा जसाच्या तसा वहीत उतरवायचा. एवढ्याला त्या तयार झाल्या आहेत.