इंटरव्ह्यूत अचानक आलेले विचित्र प्रश्न आणि मी ते कसे हाताळले – माझा अनुभव

नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा विषयाची तयारी मी नीट केली होती, त्याची काळजी नव्हती. धाकधूक होती ती मध्येच कुठून तरी येणाऱ्या प्रश्नांची, की तुम्ही प्राणी असता तर कुठला झाला असता, गटाराचं झाकण गोल का असतं वगैरे. आणि असे प्रश्न खरंच विचारतात, मला आलेत, म्हणून जे कामाला आलं ते सविस्तर लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी थोडं वाचलं, तर ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी निघाली. थॉमस एडिसन नोकरीला येणाऱ्या उमेदवारांना सामान्यज्ञानाचे दीडशेच्या आसपास प्रश्न द्यायचा. १९२१ मध्ये ते पेपरात छापून आले आणि खूप गाजले, त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रश्न आइन्स्टाइनला विचारला तर तो म्हणाला की पुस्तकात सहज मिळणारी माहिती मी डोक्यात ठेवत नाही. हे वाचून मला फार धीर आला. आणि गूगलमध्ये भरतीचं काम बघणारे लाझ्लो बॉक यांनी तर २०१३ मध्ये जाहीरच सांगितलं की असली कोडी म्हणजे वेळ वाया घालवणं आहे, त्यावरून माणूस पुढे काम कसं करेल ते काहीच कळत नाही, विचारणाऱ्यालाच आपण हुशार असल्यासारखं वाटतं. माझंही तेच मत आहे. पण खुर्चीत बसल्यावर मत काय कामाचं, उत्तर तर द्यावंच लागतं ना.

मी एकच सवय लावून घेतली, प्रश्न विचित्र वाटला की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी आपण एक प्रश्न विचारायचा. त्याने दोन फायदे होतात, डोकं शांत व्हायला वेळ मिळतो आणि समोरच्याला नक्की काय बघायचंय ते कळतं.

सगळ्यात लक्षात राहिलेला प्रश्न एका प्लॅनिंगच्या जागेसाठीचा. पॅनेलमधले एक सर म्हणाले, या खोलीतल्या हवेचं वजन किती असेल? मी विचारलं, सर अंदाजे चालेल का, आणि कागद वापरू का? ते म्हणाले, चालेल, फक्त मोठ्याने बोला. मग मी बोलत बोलतच हिशोब मांडला. खोली साधारण ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरू, म्हणजे ९० घनमीटर. हवेची घनता मला पाठ नव्हती, पण शाळेतलं आठवलं की शून्य अंशाला एक मोल वायू (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) साधारण २२.४ लिटर जागा घेतो, आणि हवेत बहुतेक नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणून एका मोलचं वजन २९ ग्रॅमच्या आसपास. २९ ला २२.४ ने भागलं की लिटरला १.३ ग्रॅम, म्हणजेच घनमीटरला १.३ किलो. खोली काही शून्य अंशाला नाही, गरम हवा विरळ असते, म्हणून १.२ धरू. ९० गुणिले १.२, १०८ किलो. मग मी हेही सांगितलं की टेबल-कपाटांची जागा वजा केलेली नाही, आणि खोलीचं माप चुकलं असेल तर उत्तर त्याच प्रमाणात बदलेल. हवेचं वजन इथे बसलेल्या कुठल्याही एका माणसापेक्षा जास्त निघतंय हे ऐकून पॅनेलमधल्या मॅडमनाही नवल वाटलं.

अशा अंदाजाच्या प्रश्नांना फर्मी प्रश्न म्हणतात, शास्त्रज्ञ एन्रिको फर्मीवरून. १९४५ मध्ये पहिल्या अणुचाचणीच्या वेळी त्याने कागदाचे कपटे हातातून सोडले आणि धक्क्याची लाट आल्यावर ते किती लांब पडले त्यावरून स्फोटाची ताकद १० हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी सांगितली. प्रत्यक्षात ती २० हजारांच्या वर होती, तरी कपट्यांवरून एवढं जवळ जाणं ही कमालच म्हणायची. मी घरी रोज एखादा असा हिशोब करायचे, पाण्याची टाकी भरायला किती वेळ लागेल, एका पुस्तकात किती शब्द असतील, काहीही. सरावाने आकड्यांची भीती खरंच जाते.

प्राण्याचा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी आला. तिथे बरोबर-चूक काही नसतं, मी मुंगी म्हटलं आणि लगेच आधीच्या कामातला एक खरा प्रसंग जोडला. प्राणी कुठला हे ते दोन मिनिटांत विसरतात, प्रसंग लक्षात राहतो असं मला वाटतं. म्हणून स्वतःच्या कामातले चार-पाच प्रसंग तयार ठेवा, कुठल्याही तिरक्या प्रश्नाला त्यातला एखादा लागू पडतोच.

लग्नाचं काय, मुलं कधी, हा प्रकार मात्र वेगळा, तो विचित्र नाही, चुकीचा आहे. एका एचआरने मला विचारलं तेव्हाही मी उलट प्रश्नच केला, की या कामात फिरती किंवा उशिरापर्यंत थांबणं किती असतं? त्यांनी सांगितलं, मी म्हटलं ते मला जमेल, विषय तिथेच संपवला. घरची माहिती दिली नाही आणि आवाजही चढवला नाही. ज्याला सरळ नकार द्यायचाय त्याने जरूर द्यावा, तो आपला हक्क आहे.

त्या प्लॅनिंगच्या इंटरव्ह्यूत शेवटी नेहमीसारखं विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? मी म्हटलं, हवेचाच प्रश्न का विचारलात सर? ते म्हणाले, आमच्याकडे अर्धी माहिती दुपारी येते आणि निर्णय संध्याकाळच्या आत द्यावा लागतो, कोण गोठून बसतं आणि कोण धरून चाला म्हणत पुढे जातं ते बघायचं होतं. त्या एका उत्तरातून मला तिथलं काम जाहिरातीपेक्षा जास्त कळलं, आणि ऑफर आली तेव्हा मी लगेच हो म्हटलं.