पुढच्या चाकांवरची ब्रेकची काळी धूळ

गाडी परवा धुतली आणि आज पुढची दोन चाकं पुन्हा काळपट, मागची मात्र लख्ख. यात बिघाड काही नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं साठ-सत्तर टक्के काम पुढचेच ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती) आणि मागे ड्रम (बंद डबा) असतो. ड्रममधला लायनरही (घासून गाडी थांबवणारा थर) झिजतोच, पण त्याची धूळ बरीचशी आतच साठते. डिस्क उघडी असते, तिची धूळ थेट अलॉय चाकावर येते.

बघायचं ते डाव्या-उजव्या बाजूतला फरक. दोन्ही पुढची चाकं सारखीच काळी असतील तर काळजी नाही. एकच चाक दुप्पट काळं दिसत असेल तर बहुतेक वेळा त्या बाजूचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारी पकड) नीट सुटत नाही आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक लावत चालवून उतरा आणि दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एका बाजूची धग स्पष्ट जास्त लागली तर क्लीनर घेण्याआधी कॅलिपर उघडायला हवा.

अडकते ती बहुतेकदा स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती. पावसाळ्यात तिच्यावरच्या रबरी बुटातून (टोपणातून) पाणी शिरतं, ग्रीस वाळतं, पिनेला गंज धरतो. चाक काढून, गाडी जॅक स्टँडवर ठेवून कॅलिपर सोडवावा. तो ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. पिना ओढून काढताना वरची कुठली, खालची कुठली ते लक्षात ठेवा, कारण काही गाड्यांत एका पिनेवर रबरी बुश असतो आणि अदलाबदल झाली की तीच पुन्हा अडकते. जुनं ग्रीस ब्रेक क्लीनरने काढून सिलिकॉनचं, उष्णता सहन करणारं ग्रीस पातळ लावा. साधं चेसिस ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. पॅड ज्या क्लिपांमध्ये सरकतात तिथला गंज वायर ब्रशने काढा. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीवर नजर असू द्या, ते उतू जाऊन रंगावर पडलं तर रंग सोलतो. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराने) आवळायचे, बहुतेक हॅचबॅकना तो साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो.

आता धुळीकडे. तिच्यात पॅडचं रेझिन, ग्रॅफाइट, तंतू वगैरे असतं, पण मोठा वाटा लोखंडाचा: बिडाच्या डिस्कचा आणि पॅडमध्ये पोलादी तंतू असतील तर त्यांचाही. हे कण तापलेले असतानाच अलॉयच्या लॅकरवर (वरच्या पारदर्शक थरावर) चिकटतात आणि दमट हवा लागली की जागेवरच गंजतात. म्हणून जुनी धूळ काळी न दिसता तांबूस ठिपक्यांसारखी दिसते. मुंबई आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. आठवड्याला नुसत्या शाम्पूच्या पाण्याने निघणारी धूळ दोन-तीन महिने राहू दिली की रसायन लागतं, आणि वर्षभर राहिली तर लॅकरलाच खड्डे पडतात. मग रसायनही काही करत नाही, अलॉय पुन्हा रंगवावं लागतं.

धूळ किती पडणार हे सगळ्यात जास्त पॅडवर ठरतं. जपानी आणि कोरियन कंपन्यांच्या गाड्यांना साधारणपणे ऑरगॅनिक (पोलादी तंतू नसलेले) पॅड येतात, त्यांची धूळ कमी आणि फिकट. युरोपीय गाड्यांना बरेचदा पोलादी तंतू असलेले लो-मेटॅलिक पॅड असतात. तापल्यावरही ते चांगला चावा घेतात, पण डिस्क जास्त खातात आणि धूळ काळीकुट्ट टाकतात. जर्मन गाडीवाल्यांची तक्रार त्यामुळे खरी असते, पण दोष गाडीचा नसतो. सिरॅमिक पॅड लावले तर फरक डोळ्यांना दिसतो. मात्र पॅड तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला असावा, आणि भरलेल्या गाडीने रोज घाट उतरणाऱ्याने निव्वळ चाकं स्वच्छ राहावीत म्हणून पॅडचा प्रकार बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅडच्या कडेवर ईई, एफएफ, जीजी अशी रोमन अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाच्या. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45. धुळीबद्दल ही अक्षरं काहीच सांगत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. बिननावाचे स्वस्त पॅड तर नकोतच. ते झरझर झिजतात आणि डिस्कवर चर पाडतात.

नवे पॅड नेहमी पुढच्या दोन्ही चाकांना एकदम टाकायचे. मग ते डिस्कशी नीट जुळावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरवरून 10 पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, अर्धा मिनिट चालू द्यायचं आणि पुन्हा तेच, असं आठ-दहा वेळा. सुरुवातीचे काही शे किलोमीटर धूळ जास्तच पडते. तेवढ्यावर पॅड खराब निघाला असं ठरवू नका.

चालवण्याने पडणारा फरकही लहान नाही. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. 1200 किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा होते जवळपास 1.8 युनिट, म्हणजे 2 किलोवॅटचा गीझर पाऊण तासाहून जास्त चालेल एवढी. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, उरलेली एकतर इंजिन पेलतं नाहीतर डिस्क. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात, ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड लावलात, तर घाटाखाली चाकं बघून फरक कळतो. इलेक्ट्रिक गाड्यांची चाकं स्वच्छ राहतात तीही याचमुळे, वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते. युरोपच्या युरो 7 प्रदूषण नियमांत ब्रेकच्या धुळीला पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे, ती सुरुवातीला निव्वळ इलेक्ट्रिक मोटारीला किलोमीटरमागे 3 मिलिग्रॅम आणि पेट्रोल-डिझेल मोटारीला 7 मिलिग्रॅम आहे.

धुताना पहिली अट, चाक थंड हवं. गाडी सावलीत लावून पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकू शकते, आणि रसायन चाकावरच वाळून डाग पडतात. कोरड्या धुळीवर फडकं मारू नका, हवेचा पाइप तर मुळीच नको. हे कण फुप्फुसात जाण्याइतके बारीक असतात आणि जुन्या किंवा बेनामी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतो. आधी भरपूर पाणी. प्रेशर वॉशर असेल तर फूटभर लांबून, आणि धार कॅलिपरच्या रबरी बुटांवर रोखायची नाही.

मग चाकांची वेगळी बादली, गाडीच्या शाम्पूचं पाणी, मऊ ब्रश. नटांच्या खळग्यांसाठी रंगाचा जुना ब्रश उत्तम, त्याच्या पत्र्यावर टेप गुंडाळायचा म्हणजे चरे पडत नाहीत. लांब दांड्याचा ब्रश आतल्या बाजूला घाला. तिथे चिखलाचा थर एका बाजूला वाळला की चाकाचा तोल बिघडतो, ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगचे पैसे देऊन येतात. साधी चाकं आणि व्हील कॅप असेल तर कॅप काढूनच धुवा. चाकांचं फडकं बॉडीला लावू नका, त्यातले लोखंडी कण रंगावर जाळीदार चरे पाडतात.

एवढ्यानेही तांबूस ठिपके राहिले तरच आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेलं लोखंड सोडवणारं रसायन. बहुतेकांत थायोग्लायकोलेट असतं, केस काढायच्या क्रीममधलं, म्हणून वासही तसाच. एका चाकाला 40-50 मिली पुरतं, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली चारही चाकांना दोनदा तरी होते. हातमोजे घालून फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा. लोखंड जिथे रुतलंय तिथून जांभळे ओघळ निघतात, सगळ्यात दाट नटांच्या कडेने आणि स्पोकच्या कोपऱ्यात. वाळायच्या आत ब्रश फिरवून धुऊन टाका. डिस्कवर उडालं की तिथेही जांभळं होणारच, ती लोखंडाचीच आहे, ते घासत बसू नका. जांभळं न होता चिकट काळे ठिपके तसेच राहिले तर ते डांबर, त्याला टार रिमूव्हर.

वॉशिंग सेंटरवर मात्र डोळे उघडे ठेवा. काही ठिकाणी चाकांवर पातळ केलेलं ॲसिड मारतात. दोन मिनिटांत चकाचक होतं, पण लॅकर जिथे उडालंय तिथे ॲल्युमिनियम पांढरं पडतं आणि नट गंजतात. शंका असेल तर थेंबभर शहाबादी फरशीवर टाकायला सांगा, फसफसलं की ॲसिड. कॉस्टिक सोडा असेल तर फसफसणार नाही, पण तेही ॲल्युमिनियमला खातं, म्हणून बाटली बघायला मागाच. डिझेल-रॉकेलचा बोळा फिरवणाऱ्याला तर लगेच थांबवा. डिस्कवरून ते पॅडमध्ये मुरलं तर पॅड फेकावेच लागतात. टायर पॉलिशचा फवाराही थेट चाकावर नको, स्पंजवर घेऊन टायरला लावा.

चाक पूर्ण कोरडं झालं की मेण किंवा सीलंटचा पातळ हात द्या. साधं मेण चाकाच्या उष्णतेला महिनाभरही टिकत नाही, सीलंट दोन-तीन महिने जातं. सिरॅमिक कोटिंग करायचं तर नव्या चाकांवर किंवा आयर्न रिमूव्हरने पूर्ण साफ केल्यावरच, नाहीतर गंज आतच कोंडतो. डिस्क आणि अलॉयच्या मध्ये बसवायच्या धूळरोधक चकत्याही मिळतात. त्यांनी चाक स्वच्छ राहतं, पण डिस्कला हवा मिळत नाही. नका घेऊ.

धुऊन लगेच गाडी लावून ठेवू नका. गल्लीत एक चक्कर मारून तीन-चार वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क वाळते. नाहीतर सकाळपर्यंत तिच्यावर गंजाची साय येते, पॅड चिकटतो, आणि पहिल्याच ब्रेकला तो गंज धूळ होऊन पुन्हा अलॉयवर बसतो.