तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस पानांचा ईस्टर

वसईकडच्या ख्रिस्ती घरांची माहिती असलेले लोक हमखास विचारतात: ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री उशिरापर्यंत सगळं घर चर्चमध्ये, मग रविवारी दुपारी पंचवीस माणसांच्या पानात इंद्याल (व्हिनेगरातलं डुकराचं मांस), सोरपोतेल (बारीक चिरलेलं डुकराचं मांस आणि काळीज), फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) आणि मार्झिपनची (काजू-साखरेची) अंडी येतात कुठून?

रविवारी खरं काम फक्त फुग्यांचं असतं. मांसाचं सगळं बुधवारी उरकलेलं असतं. शुभ शुक्रवारी चौदा वर्षांपुढच्यांना मांस वर्ज्य आणि १८ ते ५९ वयाच्यांना उपवास. त्या दिवशी चुलीवर पेजेपलीकडे काही चढत नाही. शिवाय व्हिनेगरमधलं मांस तिसऱ्या-चौथ्या दिवशीच चवीला येतं. बुधवार ते रविवार, हिशेब बरोबर जुळतो.

इंद्यालसाठी डुकराचं मांस चरबीसकट घ्या. बाकीचे पदार्थ असतील तर पंचवीस जणांना चार किलो पुरतं. नुसतं लाल मांस घेतलंत तर दोऱ्यासारखं सुटतं आणि रसाला तकाकी येत नाही. दीड इंचाचे तुकडे करायचे. किलोला पंधरा-सोळा काश्मिरी मिरच्या, पंधरा लसूणपाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, दहा मिरे आणि अर्धा चमचा हळद, हे सगळं साधारण १०० मिलीलिटर व्हिनेगरमध्ये वाटा. पाणी ना वाटणात, ना पातेल्यात. टिकण्याचं सगळं गणित तिथेच आहे. मंगळवारी रात्री चोळून ठेवायचं, बुधवारी मंद आचेवर स्वतःच्याच रसात शिजवायचं. पातेलं स्टीलचं किंवा मातीचं हवं. ॲल्युमिनियमला व्हिनेगर लागतं आणि रसाला धातूची चव येते. बटाटा घालू नका, तो आधी आंबतो. मिठाची एक गंमत आहे: ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस मांस सोडलेला माणूस चाखणार कसा? म्हणून मीठ मोजूनच घालतात, किलोला सपाट दोन चमचे.

थंड झाल्यावर वर चरबीचा थर जमतो, तो काढू नका. फ्रिजमध्ये जागा नसेल तर एप्रिलच्या उकाड्यात सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळी आणायची आणि डाव कोरडाच घालायचा.

सोरपोतेलचंही तंत्र हेच, फक्त कापाकापी जास्त. मांस अख्खंच अर्धकच्चं उकडून पूर्ण गार होऊ द्या, मगच चण्याएवढं चिरा; गरम असताना चिरलं की चरबी सुटून लगदा होतो. काळीज वेगळं आणि अगदी थोडं उकडायचं, नाहीतर रबर.

बाटली मसाला (आमच्याकडचा कुटून बाटलीत भरून ठेवलेला मसाला) मात्र यात शोधू नका, तो कोंबडीच्या आणि मटणाच्या रश्शाला. नवा मसाला पावसाळ्याआधी कुटतात, त्यामुळे ईस्टरला हाती येतो तो बाटलीच्या तळाचा, वास उतरलेला. चमचा थोडा वाढवून घालावा.

आता फुगे. दोन किलो मैद्याला आठ अंडी, दोन नारळांचं लिटरभर दूध, वीस ग्रॅम कोरडं यीस्ट, दीडशे ग्रॅम साखर, मीठ आणि थोडं तूप. पूर्वी यीस्टऐवजी ताडी असायची. ताजी मिळाली तर अजूनही तीच सरस. पीठ पोळीच्या कणकेसारखं नको. हाताला चिकटेल आणि उचलल्यावर लोंबेल इतकं सैल हवं. पंधरा मिनिटं तळव्याने आपटत फेटा. या गरमीत दीड तासात दुप्पट होतं. शनिवारी रात्री मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाण्याआधीच भिजवून ठेवणारे फसतात. पीठ जास्त फुगून बसतं, आंबूस होतं आणि तेल पितं.

डाव्या मुठीत पीठ घेऊन आवळलं की अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा बुडबुडा वर येतो. उजव्या हाताची बोटं तेलात बुडवून तो खुडायचा आणि कढईत सोडायचा. काहीजण पाण्यात बुडवतात, पण मग तेल अंगावर उडतं. फुग्याला शेपटी आली तर पीठ घट्ट आहे, नारळाचं दूध वाढवा. बाहेरून लाल आणि आत कच्चा राहिला तर आच कमी करा. झाऱ्याने वर तेल उडवत राहिलं की फुगा चहूबाजूंनी सारखा होतो. दोन किलोचे सव्वाशेच्या आसपास होतात, म्हणजे माणशी पाच. तरुण मुलं असतील तर कमीच पडतील.

मार्झिपन शनिवारी सकाळी. काजू आणि साखर समप्रमाणात, अर्ध्या किलोला दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि गुलाबपाणी. काजू थांबून थांबून दळा, सलग दळलेत तर तेल सुटतं. आचेवर ढवळताना मिश्रण कडा सोडू लागलं की चिमूटभर घेऊन गोळी वळून पाहा. बोटाला चिकटली नाही की लगेच उतरवा. अजून मिनिटभर ठेवलंत तर साखर पुन्हा दाणेदार होते आणि साच्यातून निघताना अंड्याला तडा जातो. दोन अर्धे पांढऱ्या बलकाने जोडून पंख्याखाली वाळवा. फ्रिजमध्ये ठेवलंत तर बाहेर काढल्यावर घाम सुटतो आणि आयसिंगने लिहिलेली मुलांची नावं पसरतात. नावं लिहायचीच, एवढ्या पोरांत नाव नसलेलं अंडं म्हणजे भांडण. दोन-तीन कोरी जास्तीची ठेवा, न सांगता येणाऱ्या पाहुण्यांची मुलं असतातच.

उरलेले फुगे सोमवारी पाच मिनिटं वाफवून घ्या, मऊ होतात. मायक्रोवेव्हमध्ये चामट होतात.