कडूकंद का नाही केलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जव्हारला गेले की पहिला प्रश्न हाच, आणि मुंबईत हॉटेलांत कामाला असलेली आपली पोरंही हेच विचारतात: स्वयंपाकाच्या स्पर्धेत फायनलला ताटापुढच्या पाटीवर आपला रानातला कडूकंद, मग ताटात सुरण का?

खरं आहे. सुरणच होता.

कंद मी घरून नेला होता. आईने सोलून पातळ चकत्या केल्या, चुलीतली राख घालून उकडल्या, टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या धारेत ठेवल्या. सकाळी एक चकती स्वतः चावून पाहिली, कडूपणा गेला म्हणाली, तेव्हा कुठे डबा भरला. तो डबा आयोजकांनी स्पर्धेच्या किचनच्या दारातच काढून घेतला. जे करायचं ते 60 मिनिटांत, परीक्षकांसमोर, असा नियम. एवढ्या वेळात केलेला कडूकंद माणसाला बाधेल, हे मी दोनदा सांगितलं. म्हणाले, मग नागलीचं काही करा. 2023 भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून नागलीला बोलावणं असतं. पण कणगीतलं भात संपलं की आमच्या घरात पोटाला आधार कंदाचा होता, म्हणून मला तोच न्यायचा होता.

सुरण घेतला. पाटी आधीच छापलेली होती, ती बदला असं मी म्हटलं नाही. परीक्षकांनी घास खाल्ला आणि म्हणाले, 'रानाची चव आहे.' तिथे 'हा सुरण आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी 'थँक्यू' म्हटलं.

आईने मोबाईलवर पाहिलं. रात्री फोनवर एवढंच विचारलं, 'डबा कुठंय?' डबा मी परत मागितलाच नव्हता.

तुम्ही म्हणता, आपलं खाणं विकलं. हे मला मान्य नाही. शेवळांच्या रानभाजीत काकडं, ती आंबट रानफळं, घालतात ती घसा खाजू नये म्हणून, हे मी आधीच्या फेरीत तीनदा सांगितलं, तरी परीक्षक 'आंबट चवीचा बॅलन्स' म्हणत राहिले. तेव्हा तिथे आपल्यातलं दुसरं कोण उभं होतं? निदान कंदाचं नाव तरी लोकांपर्यंत गेलं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. पण आता कोणी सुरण खाऊन कडूकंद ओळखीचा म्हणेल, त्याचं काय करू? आणि डबा घेऊन तिथूनच परत फिरले असते, तर तुम्ही मला पळपुटी म्हणाला नसता का?

यंदा पुन्हा बोलावलंय. एक रात्र आणि वाहतं पाणी द्या, असं लिहून कळवलंय. उत्तर आलेलं नाही.